बैलाचे कातडे आणि नकाशाचा रंग : जव्हारचे राज्य साम्राज्यांच्या खेळात का मावत नाही?

१/ जव्हारच्या परिसरात एक जुनी दंतकथा सांगतात. चौदाव्या शतकात जयबा मुकणे हा महादेव कोळी सरदार तिथल्या वारली प्रमुखाकडे गेला आणि त्याने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी क्षुल्लक वाटली, होकार मिळाला. मग जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी वेढलेला सगळा मुलूख आपला म्हणून घेतला.

२/ ब्रिटिश गॅझेटियरकारांना ही कथा नोंदवताना कार्थेजची राणी डायडो आठवली. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिनेही हीच युक्ती केल्याची आख्यायिका आहे. दोन्ही कथांत शब्द पाळला जातो आणि तरी समोरचा फसतो. संगणकावर साम्राज्ये उभारणारी आजची तरुण मंडळी अशा चालीला 'एक्स्प्लॉइट' म्हणतात : नियमाच्या आत राहून नियमाचा हेतू उलटवणे.

३/ योगायोग असा की साम्राज्य-उभारणीच्या या खेळांचा चाहत्यांमधला सर्वांत जुना वाद याच ठिकाणी येऊन थांबतो. खेळात इतिहास किती खरा असावा आणि गंमत किती असावी? १९९१ मध्ये सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' आला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. १९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने या प्रकाराला चार क्रियापदांचे नाव दिले : शोधा, विस्तारा, उपसा, संपवा. जव्हारचा इतिहास या चार शब्दांपुढे ठेवला की वादाचे खरे रूप दिसू लागते.

४/ आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. तपशील वाढवला की वास्तव वाढते, असे पुष्कळांना वाटते. बुद्धिबळात दाणागोटा नाही, पाऊस नाही, पगार थकलेले शिपाई नाहीत. तरी वेढले जाण्याची भीती त्यात पुरेपूर आहे. उलट १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झने लष्करासाठी 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ सिद्ध केला. मोजमापाचे नकाशे, फासे, हानीची कोष्टके, शिवाय निवाडा करणारा पंच, असा त्याचा थाट होता.

५/ पुढे नियम इतके वाढले की डाव रेंगाळू लागले. १८७६ मध्ये वेर्डी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने बरीचशी कोष्टके दूर सारली आणि निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. सैन्याच्या स्वतःच्या खेळालाही तपशील कमी करूनच युद्धाच्या जवळ जावे लागले. म्हणजे काहीतरी गाळावे लागणारच. काय गाळले आणि कोणाचे गाळले, एवढाच प्रश्न उरतो.

६/ आता जव्हार. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या मुहंमद तुघलकाने राजा म्हणून मान्यता दिली आणि 'शहा' हा किताब बहाल केला. तो दिवस ५ जून १३४३. त्या दिवसापासून जव्हारने स्वतःचा शक सुरू केला आणि तो राजपत्रांत वापरला. परंपरेनुसार त्या वेळी राज्यात २२ किल्ले होते आणि ९ लाखांचा वसूल होता.

७/ २०२५ मध्ये आलेला 'युरोपा युनिव्हर्सालिस ५' हा खेळ १ एप्रिल १३३७ या तारखेला सुरू होतो, म्हणजे जव्हारच्या किताबाआधी सहा वर्षे. अशा खेळांत मोठी सत्ता लहान सत्तेला मांडलिक करते तेव्हा एक सरळ हिशेब होतो : इकडून खंडणी, तिकडून संरक्षण. १३४३ चा व्यवहार त्याहून गुंतागुंतीचा होता. दिल्लीला दूरच्या डोंगरात आपले नाव घेणारा राजा मिळाला आणि नेमशहाला शेजाऱ्यांसमोर दाखवता येईल असे नाव मिळाले. किताब हे लहान सत्तेचे चलन होते. खेळांत ते बहुधा मोठ्या सत्तेच्याच खजिन्यात दिसते.

८/ भूगोलाचेही तसेच. खेळात डोंगर म्हणजे सैन्याचा वेग कमी आणि प्रांताची किंमत कमी. जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर राब भाजून नाचणी आणि वरई पिकवली जाते. भाताची खाचरे थोडी. असा मुलूख जिंकणाऱ्याला फार काही देत नाही, आणि तोच त्याचा बचाव असतो. मात्र किनाऱ्यावरून त्र्यंबकेश्वर-नाशिककडे चढणारी वाट आजही जव्हार आणि मोखाड्यातूनच जाते. किंमत पिकाची नव्हती, वाटेची होती.

९/ ही किंमत १६६४ मध्ये कळली. त्या वर्षी जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. स्थानिक परंपरा सांगते की सुरतेकडे जाताना जव्हारजवळच्या माळावर राजा विक्रमशहाने त्यांची भेट घेतली आणि मानाचा शिरपेच अर्पण केला. त्यावरून त्या जागेला 'शिरपामाळ' हे नाव पडले. खेळाच्या पडद्यावर या प्रसंगानंतर दोन सत्तांच्या संबंधांचा आकडा हिरवा झाला असता.

१०/ आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळे यांच्या मराठी फौजेने तेच जव्हार घेतले. जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार तिथे १७ लाखांचा खजिना हाती लागला. राजा तोच, विक्रमशहा. तो नाशिकच्या बाजूला मोगली मुलखात निघून गेला. जुलैच्या आरंभी शेजारचे रामनगरही पडले आणि कल्याणपासून सुरतेपर्यंतची जवळची वाट मराठ्यांसाठी मोकळी झाली.

११/ तारखांकडे पाहावे : जून आणि जुलै. दख्खनेत फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्यात छावणीला राहत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. वास्तवाचा आग्रह धरणारा एखादा रचनाकार म्हणून नियम करील की पावसाळ्यात स्वारी बंद. त्या नियमात १६७२ ची मोहीम घडूच शकत नाही. पावसाळ्यात स्वारीला बंदी नव्हती. ती फार महाग होती. सुरतेची वाट हाती येणार असेल तर ती किंमत मोजणारेही होते.

१२/ इथे वास्तव आणि गंमत यांचे भांडण मिटते. बंदी घातली की खेळाडूचा निर्णयच संपतो. किंमत लावली की निर्णय अवघड होतो, आणि अवघड निर्णय हीच या खेळांची गंमत आहे. चिखलात अडकणाऱ्या तोफा, भिजणारी दारू, वाढणारे रोग हे सगळे मोजून मोरोपंत निघाले असतील, तर खेळाडूलाही ते मोजू द्यावे.

१३/ पण विक्रमशहाच्या जागी बसलेल्या खेळाडूचे काय? राजधानी गेली, खजिना गेला, राजा परागंदा झाला. बहुतेक खेळांत इथे पडदा काळा होतो. सिड मायर यांनी २०१० च्या एका जाहीर व्याख्यानात सांगितले होते की साम्राज्यांचा उदय आणि अस्त दोन्ही दाखवावेत असा त्यांचा मूळ विचार होता. पण अस्त सुरू झाला की खेळाडू मागे जतन केलेला डाव पुन्हा उघडतात. उतरती कळा कोणाला नको असते. म्हणून आलेख चढताच राहिला.

१४/ जव्हारचा आलेख चढता नाही. विक्रमशहा गेला तरी मुकणे घराणे संपले नाही. राज्य त्यांच्याकडे परत आले. पेशवाईत मुलूख टप्प्याटप्प्याने आकसला, नजराणे द्यावे लागले. इंग्रजी अमदानीत सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान उरले. लगतचे मोखाडे मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होते. तोच डोंगर, तीच नाचणी, त्याच वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्या; नकाशावर रंग तेवढे दोन.

१५/ १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. १३४३ ते १९४८ म्हणजे ६०५ वर्षे. तुघलक, गुजरातचे सुलतान, मोगल, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या शेजारात टिकलेले हे राज्य 'शोधा, विस्तारा, उपसा, संपवा' या मापाने पराभूत ठरते. कारण टिकण्याला गुणच नाहीत.

१६/ याहून बोचरा प्रश्न लहान वस्त्यांचा आहे. 'सिव्हिलायझेशन'च्या नकाशावर सुरुवातीला छोट्या टोळ्यांची गावे दिसतात. खेळाडूचा शोधक त्यात पाऊल टाकतो, त्याला सोने किंवा एखादे ज्ञान मिळते आणि ते गाव नकाशावरून नाहीसे होते. मोकळ्या रानातून येणाऱ्या हल्लेखोरांना या मालिकेने अनेक वर्षे 'रानटी' म्हटले. २०१८ मध्ये कॅनडातील पाउंडमेकर क्री समाजाच्या प्रतिनिधीने जाहीर आक्षेप घेतला, तो याच वृत्तीवर : त्यांच्या नेत्याला खेळात जागा मिळाली, पण भूमी जिंकत जाण्याचे जे मूल्य समाजाचे नव्हते, ते त्याच्या माथी आले.

१७/ मोखाड्यातला एखादा मुलगा मोबाइलवर असा खेळ उघडतो, तेव्हा त्याच्या पाड्यासारखी गावे त्याला बक्षीस म्हणून भेटतात. पुस्तकात न आलेला इतिहास खेळातही पुसलेला निघतो. 'केवळ खेळ आहे' हे उत्तर इथे पुरत नाही. नकाशा कुठे रिकामा असतो याची पहिली समज अनेकांना आता खेळातूनच होते.

१८/ यावर उपाय आपल्याच मातीत आहे. वाघ-बकरीचा पट घ्यावा. जुन्या मंदिरांच्या फरशांवर असे पट कोरलेले सापडतात. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी घेऊन बकरी मारतो. बकरीला मारता येत नाही. ती फक्त वाट अडवते. सगळे वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकतात. दोन्ही बाजूंची ताकद वेगळी, जिंकण्याची रीत वेगळी, तरी डाव रंगतो. दुबळ्याच्या जागेवरून खेळण्यातही गंमत असते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते.

१९/ जव्हारवर बेतलेल्या डावात म्हणून विस्ताराला गुण नसावेत. घाटवाट कोणाला द्यावी, कोणाचा किताब स्वीकारावा, खंडणी किती वर्षे थकवावी, परागंदा व्हावे तर कोणाच्या आश्रयाला, हे निर्णय असावेत. राजधानी पडल्यावर डाव संपू नये. नाशिकच्या मोगली आश्रयातून तो पुढे चालावा.

२०/ तरीही एक सावधगिरी हवी. राजाच्या खुर्चीतून पाहिले की राजाच्या खालचे दिसत नाहीत. 'सिव्हिलायझेशन ४'मध्ये गुलामगिरी निवडली की लोकसंख्येचा आकडा घटवून इमारत झटक्यात पुरी करता येते, आणि सराईत खेळाडू ती चाल सर्रास वापरतात. १९४५ पासून जव्हारच्या शेजारी उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात नोंदवला. खेळात जो घटणारा आकडा असतो, तो तिथे मालकाच्या शेतावर फुकट राबणारा माणूस होता.

२१/ आता पुन्हा ते बैलाचे कातडे. दंतकथा जयबाच्या बाजूने सांगितली जाते, म्हणून ती चातुर्याची कथा ठरते. वारली प्रमुखाच्या जागी बसून ती ऐकली तर ती दिलेल्या शब्दाची आणि गेलेल्या जमिनीची कथा होते. वाद्यांची लांबी दोन्हीकडे तेवढीच असते.