शरीराचे तापमान नेहमीपेक्षा कमी दिसते तेव्हा

तापमापकावर ९८.६ ऐवजी ९७ अंश फॅरनहाइट असा आकडा दिसला की अनेकजण चिंतित होतात. निरोगी प्रौढाच्या बाबतीत ही चिंता बहुधा अनाठायी असते. ९८.६ (३७ अंश सेल्सिअस) हा आकडा जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ मधील ग्रंथामुळे रूढ झाला. मात्र ती सरासरी होती. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांची पाहणी केली असता सरासरी ९८.२ अंश आढळली.

तापमान पहाटे सर्वांत कमी, तर सायंकाळी सर्वाधिक असते. काखेतील नोंद तोंडातील नोंदीपेक्षा कमी येते. थंड पाणी प्यायल्यावर लगेच तोंडात, किंवा घामेजलेल्या कपाळावर घेतलेली नोंद विश्वसनीय नसते. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजणे श्रेयस्कर.

जुन्या पाऱ्याच्या तापमापकाची एक मर्यादा फारशी लक्षात घेतली जात नाही. त्याची मोजपट्टी साधारणतः ९४ किंवा ९५ अंशांपासूनच सुरू होते. त्यामुळे शरीर त्याहून थंड असले तरी नेमके किती, हे त्यावरून कळत नाही. झटकून पारा खाली उतरवला नसेल, तर आधीचाच चढा आकडा दिसत राहतो.

शरीराचे अंतर्गत तापमान ९५ अंशांखाली (३५ अंश सेल्सिअस) गेल्यास त्यास हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी, अडखळते बोलणे, गोंधळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. अंग थंडगार असूनही हुडहुडी थांबणे हे सुधारणेचे नव्हे, धोक्याचे चिन्ह आहे. वृद्धांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग कधीकधी तापाऐवजी घटलेल्या तापमानातून प्रकट होतो. रुग्णाचे ओले कपडे काढून त्यास कोरड्या पांघरुणात गुंडाळावे व तातडीने रुग्णालयात न्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने ऊब वाटते, परंतु त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

नवजात बालकांसाठी निकष वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ३६.५ अंश सेल्सिअसखालील (९७.७ फॅरनहाइट) तापमान हा त्यांच्यात हायपोथर्मियाच मानला जातो. तापमापक हाताशी नसल्यास हाताच्या मागील बाजूने बाळाचे पोट व तळपाय तपासावेत. केवळ तळपाय थंड असल्यास बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे. पोटही थंड लागल्यास तसेच धरून त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.