पुसदच्या रानातले वकील

चपला हातात घ्या, नाहीतर काळ्या मातीत रुतून बसतील. 10 जुलै 1930. पुसदची वेस मागे पडली आहे आणि तुम्ही गर्दीबरोबर राखीव जंगलाकडे निघाला आहात. तीन महिन्यांपूर्वी गांधींनी दांडीला मीठ उचललं; इथल्यांनी काय उचलावं? शेजारचा शेतकरी तुम्हाला समजावतो, "आपल्या वऱ्हाडात समुद्र हाय काय जी? जंगल हाय, तं जंगलच."

ठरलं आहे ते एवढंच: परवाना न घेता सरकारी रानातलं गवत कापायचं. पुढे चाललेल्या माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांच्याकडे नीट पाहा. पन्नाशीला दीड-पावणेदोन महिने कमी. 1908 पासून यवतमाळात वकिली. असहकारापेक्षा कायदेमंडळात बसून सरकारशी भांडावं, या टिळकपंथी मताचे. अशा माणसानं गवताला विळा लावला की पोलिसांना काम सोपं जातं; कायदा कुठे मोडला हे आरोपीलाच चांगलं ठाऊक! त्यांना अटक होते. तुम्ही अजून चिखलातच उभे.

आता पन्नास वर्षं मागे, वणीला चला. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार 1853 पासून इंग्रजांचा. जिल्ह्याला अजून यवतमाळ कोणी म्हणत नाही. 1905 पर्यंत तो वणीच्याच नावानं, 'वून' म्हणून ओळखला जाणार आहे. 29 ऑगस्ट 1880 ला श्रीहरी अण्यांच्या घरी जन्मलेला हा मुलगा आधी अमरावतीत मास्तरकी करील, मग वकिली, आणि म्हातारपणी टिळकांवर संस्कृत महाकाव्य रचील.

खुर्चीशी त्याचं नातं मात्र विचित्र राहील. फेब्रुवारी 1943 मध्ये तुम्ही दिल्लीत असाल, तर गांधींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देताना बापूजी अणे तुम्हाला दिसतील. आणि त्याच वर्षी त्याच सरकारचे प्रतिनिधी होऊन सिलोनला जातानाही. मला हे दुसरं पाऊल कधी नीट पटलं नाही.

थोडं पुढे या, 2016 च्या मार्चमध्ये. महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे, म्हणजे बापूजींचे नातू, पणजोबांचं नाव लावणारे. वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याचीही बाजू त्यांनी उघड घेतली म्हणून विधिमंडळात गदारोळ चालू आहे. विदर्भाची मागणी आजोबांच्या वेळचीच. नातू राजीनामा देतात.