नऊ रात्री आणि एक दार

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात मुलांना त्याच्या स्वागताचा धडा देणारी मेक्सिकोतील 'पोसादास' ही प्रथा आहे. तिची हकीकत मला येथे सांगावीशी वाटते. पोसादा म्हणजे वाटसरूंची उतरण्याची जागा.

१५२१ मध्ये स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी जिंकली. हे लोक डिसेंबराच्या सुमारास आपल्या उइत्सिलोपोच्त्ली देवाचा उत्सव करीत. त्याच दिवसांत ऑगस्टिनियन संन्याशांनी नाताळाची उपासना रुजविली. आकोलमानच्या मठातील दिएगो दे सोरिया यांनी १५८७ च्या सुमारास १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांच्या मिस्सांसाठी पोपची परवानगी मिळविली. जेत्यांनी जितांच्या सणाच्या जागी आपला सण बसविला, हे विसरता येत नाही. परंतु पुढे ही प्रथा मठाच्या अंगणातून गल्लीबोळांत आली आणि लोकांची झाली.

मुले योसेफ व मरीया होऊन, मेणबत्त्या घेऊन दारोदार गाण्यातून आसरा मागतात. आतली मंडळी गाण्यातूनच नकार देतात. शेवटी एक दार उघडते. मग प्रार्थना, खाऊ आणि पिन्याता फोडण्याची मौज!

मला मोल वाटते ते त्या नकाराचे. पाहुण्याला 'या, बसा' म्हणावे, हे आपण मुलांना शिकवितोच. येथे मूल स्वतःच परके होऊन उंबऱ्याबाहेर 'जागा नाही' हे शब्द ऐकते. आपल्या गल्लीत नवे बिऱ्हाड येते, तेव्हा त्या घरच्या मुलांना आपले दार कसे दिसत असेल?