धर्मगुरू आणि राज्यकारण : फादर जेरोम डिसोझा यांचे उदाहरण

मुंबईच्या कॅथलिक समाजास राज्यकारण परके नाही. माझगावचे काका बॅप्टिस्टा १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते. पुढे १९२५ साली ते या नगरीच्या महापालिकेचेही अध्यक्ष झाले. परंतु काका बॅरिस्टर होते, धर्मगुरू नव्हते. वेदीवर मिस्साबली अर्पण करणाऱ्याने कायदेमंडळाची पायरी चढावी काय, हा प्रश्न निराळा. आणि गिरगाव, दादर, परळ येथील भाविकांच्या मनातही निवडणुकीच्या दिवसांत तो अधूनमधून डोकावतोच.

ख्रिस्तसभेने या बाबतीत सदैव सावधगिरी बाळगली आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे धर्मगुरूस वरिष्ठांच्या अनुज्ञेवाचून लोकप्रतिनिधी होता येत नसे. १९८३ ची संहिता याहून कडक आहे : राज्यसत्ता चालविण्याचे पद धर्मगुरूने स्वीकारू नये, आणि ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी अथवा सर्वांच्या हितासाठी अधिकाऱ्यांस अगत्याचे वाटल्याखेरीज राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये, असे ती सांगते.

अशा अगत्याचा प्रसंग १९४६ साली आला. स्वतंत्र हिंदुस्थानची घटना लिहिण्याकरिता प्रांतिक कायदेमंडळांनी सभासद निवडावयाचे होते. मुंबई प्रांतातून डॉ. जोसेफ आल्बन डिसोझा हे गृहस्थ गेले, तर मद्रास प्रांताने एका येशूसंघीय धर्मगुरूस निवडले. ते फादर जेरोम डिसोझा. १८९७ साली मंगळूर येथे त्यांचा जन्म झाला होता, आणि मद्रासच्या लोयोला कॉलेजचे ते प्राचार्य होते.

त्या काळी आपल्या समाजापुढे मोठा पेच होता. १९३५ च्या कायद्याने हिंदी ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. मुंबईच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी ३ जागा आपल्या होत्या. त्या सोडाव्या तर आपला आवाज कोण ऐकणार, आणि धरून ठेवाव्या तर आपण राष्ट्रापासून वेगळे पडणार! ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ रद्द केले. मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात, तसेच मद्रास व मुंबई प्रांतांत ख्रिस्ती समाजाकरिता राखीव जागा मान्य केल्या. मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या पुढाकाराने अल्पसंख्य धर्मसमाजांच्या राखीव जागाही सोडण्याचा ठराव आला, तेव्हा ख्रिस्ती सभासदांपैकी डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी व फादर जेरोम यांनी त्यास पाठिंबा दिला.

वरवर पाहता हा तोटाच होय. मुंबईतील आपल्या हक्काच्या जागा गेल्या, त्या कायमच्या. पण राहिले काय, तेही पाहावे. आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य २५ व्या कलमाने, आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क ३० व्या कलमाने पदरी पडला. हे हक्क दोन-चार आमदारांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. ते राज्यघटनेचेच अंग आहेत. दादरच्या मराठी कॅथलिक मतदाराने त्यानंतर शेजाऱ्यांच्याच रांगेत उभे राहून, त्याच उमेदवारांतून निवड करून मत दिले. एका धर्मगुरूने आपल्या समाजासाठी सत्तेचा वाटा न मागता शेजाऱ्यांच्या न्यायबुद्धीवर भरवसा टाकावा, यातच त्या निर्णयाचे मोल आहे.

पुढे फादर जेरोम यांनी संयुक्त राष्ट्रसंघात हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळात काम केले. परंतु मंत्रिपदाची वाट धरली नाही. १९५१ साली त्यांनी पुणे येथे सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापिली. तीच पुढे दिल्लीस गेलेली इंडियन सोशल इन्स्टिट्यूट होय. १९७७ साली ते प्रभूच्या घरी गेले.

ज्युबिलीच्या वर्षी आपण मागे वळून पाहतो ते पुढची वाट नीट दिसावी म्हणून. फादर जेरोम सभागृहात गेले ते खुर्चीकरिता नव्हे. काम संपताच ते अध्यापनाकडे व अभ्यासाकडे वळले. निवडणुका लढविणे, पक्ष चालविणे, वॉर्डातील पाण्याचा प्रश्न धसास लावणे, हे काम काका बॅप्टिस्टांप्रमाणे तुम्हा-आम्हा प्रापंचिकांचे आहे. ते आपण टाळले, तर धर्मगुरूंनी ते करावे, अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.