पायाखालची ओल

इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकांत व्हिट्रूव्हिअस नांवाच्या रोमन स्थापत्यकारानें दहा भागांचा एक ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागांत ओलीचा विचार आहे. दमट जागीं भिंतीच्या तळचे तीन फूट वाळूऐवजीं कौलांच्या चुऱ्याच्या गिलाव्यानें लिंपावे. ओल फारच असेल तर आंतून दुसरी पातळ भिंत घालून मध्यें पोकळी ठेवावी. तितकी जागा नसेल तर मोठीं कौलें उभीं करून त्यांच्या आंतल्या अंगास डामर फांसावें, असें तो सांगतो.

याहून मौजेची आहे ती त्यानें वर्णिलेली ग्रीक लोकांच्या हिवाळी भोजनगृहांतील जमीन. ती दोन फूट खणून, तळ चोपून, त्यावर खडी किंवा विटांचा चुरा मोरीच्या बाजूस उतार देऊन पसरीत. मग कोळसा तुडवून घट्ट बसवीत आणि वर वाळू, चुना व राख यांचा अर्धा फूट थर देऊन तो घोटीत. सांडलेलें मद्य तेथें पडतांच सुकून जाई, आणि अनवाणी वाढणाऱ्या चाकरांनाही थंडी बाधत नसे. चाकरांच्या पायांविषयीं त्यांत एवढेंच वाक्य आहे. पण ओल्या जमिनीचा त्रास प्रथम कोणास होतो, हें त्या ग्रंथकारास ठाऊक होतें.

ही ओल वर चढते तरी कशी? वीट, चुना, काँक्रीट यांत केसाहून बारीक छिद्रांचें जाळें असतें. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें भूमींतील पाणी त्यांतून चढतें. काँक्रीट दगडासारखें दिसतें खरें. पण कालवतांना घातलेलें जास्तीचें पाणी उडून गेल्यावर त्याच्या वाटा मागें राहतात. खालीं मोठी खडी असली तर पाण्याची चढण तुटते. वाफ येतच राहते.

इंग्लंडमध्यें १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर स्थानिक नियमांनीं नव्या घरांच्या भिंतींत ओल अडविणारा थर आवश्यक ठरविला. तळमजल्याची जमीन बहुधा लाकडी असे व तिच्याखालून वारा खेळे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड दुर्मिळ झालें आणि भरावावर सरळ काँक्रीट ओतण्याचा प्रघात वाढला. मग ज्या घरांत खालीं कांहीं अडसर नव्हता, तेथें लिनोलियम उचलूं लागलें, लाकडी ठोकळे फुगले. वितळविलेल्या डांबराचा थर हा त्यावरील जुना उपाय. पुढें पॉलिथीन आलें. तें १९३३ सालीं नॉर्थविच येथील प्रयोगशाळेंत अनपेक्षितपणें सांपडलें होतें. युद्धकाळांत रडारच्या तारांवर त्याचें वेष्टण असे.

त्याचा पडदा आतां खडीवर वाळूची मऊ बिछायत करून अंथरतात. दोन पडद्यांच्या कडा एकमेकींवर चढवून चिकटवितात, आणि भिंतीपाशीं पडदा वर वळवून भिंतींतील थरास जोडतात. हा सांधा राहिला तर पाणी कडेनें वर येतें. काम चालू असतां बुटाच्या टाचेनें किंवा फावड्यानें पडदा फाटला, तर तें पाहण्याची संधी त्याच वेळीं असते. तासाभरानें त्यावर चार इंच काँक्रीट असतें.