खेडकर, पण कोणते?

पुण्याच्या पुतण्याने परवा फोनवर विचारलं, "काका, नारायणगावच्या तमाशांच्या यादीत खेडकर हे नाव दोनदा कसं काय? छापणाऱ्यांची चूक आहे का?" चूक नाही रे बाबा. नाव दोनदाच आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा नव्हता, म्हणून इथे लिहितो. बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल.

जे परदेशी आहेत किंवा ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिला आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मीनेच्या काठचं गाव. त्याला तमाशापंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे मोठमोठ्या फडांच्या राहुट्या पडतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं कचेरीवजा बिऱ्हाड. आत गादी, एक पेटी, वही, मॅनेजर, आणि दाराशी फडाच्या नावाची पाटी. चैत्र-वैशाखात जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा असतात. गावची पंचमंडळी नारायणगावला जातात, राहुटी-राहुटीतून फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन येतात. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. हजेरी म्हणजे शाळेतली नव्हे, तमाशाची! आमच्या गावात शाळेतल्या हजेरीपेक्षा तिला गर्दी जास्त असे.

माझं अक्षर बरं म्हणून यात्रा कमिटीने पावत्या लिहायला मला धरलं होतं. त्यामुळे पंचांबरोबर नारायणगावची वारी मला चारपाच वेळा घडली. शिक्षकाने तमाशाच्या राहुटीत बसावं का, यावरून एका वरिष्ठांचं बोलणंही खाल्लं. असो. तेव्हा ऐकलेला एक संवाद अजून डोक्यात आहे. आमचे तात्या म्हणाले, "यंदा खेडकर आणू." लगेच दुसरे पंच, "खेडकर, पण कोणते? मांजरवाडीचे का कांताबाईचे?" पुतण्याचा प्रश्न आणि पंचांचा प्रश्न एकच.

तर तुकाराम खेडकर हे पन्नास-साठच्या दशकातलं फार मोठं नाव. स्वतः कलावंत आणि फडमालकही. त्यांच्या फडात कांताबाई सातारकर पुढे आल्या. कांताबाईंचा जन्म १९३९ चा, गुजरातेतला. आईवडील तिथे दगडखाणीवर मजुरीला होते. नाच-गाणं शिकल्या त्या साताऱ्याकडे, म्हणून सातारकर. खेडकरांच्या फडात त्या नुसत्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या राहिल्या नाहीत. वगातल्या मुख्य भूमिका त्यांच्याकडे आल्या. त्यांचा आणि खेडकरांचा संसारही झाला, मुलं झाली. लोक तमाशा पाहायला येत ते दोघांच्या नावाने.

१९६४ साली तुकाराम खेडकर वारले.

त्यानंतर त्या फडात कांताबाईंना जागा राहिली नाही. लहान लहान मुलं घेऊन त्या बाहेर पडल्या. तुकारामांचं नाव पुढे चालवलं ते जुन्नर तालुक्यातल्याच मांजरवाडीच्या फडाने. त्याची पाटी अशी : 'तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे मांजरवाडीकर'. यादीतले पहिले खेडकर ते हे. माणूस गेला, पण पाटीवर नाव राहिलं. फडाच्या धंद्यात हे नवल नाही. गावोगावचे पंच पाटी पाहून राहुटीत शिरतात. नाव पुसायचं म्हणजे गिऱ्हाईक घालवायचं.

आता विचार करा, बाहेर पडलेल्या बाईपाशी काय होतं? गळा होता, अभिनय होता, लोकांची ओळख होती. पाटी नव्हती. दुसऱ्यांच्या फडात मुख्य बाई म्हणून त्यांना कुणीही घेतलं असतं, आणि काही काळ त्यांनी तसं कामही केलं. पण साठचं दशक सरता सरता त्यांनी स्वतःचा फड उभा केला. हे वाक्य लिहायला एक ओळ लागली. प्रत्यक्षात काय लागतं ते सांगतो, कारण राहुटीत बसून हे गणित मी ऐकलेलं आहे.

ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे एक हलतं गाव. ढोलकीवाले, हलगीवाले, सुरत्ये, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, वगातले राजे-प्रधान, शिवाय आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे, तिकिटं फाडणारे. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं. हंगाम दसऱ्यापासून वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत. पावसाळ्यात सगळं बंद. पण पोटं बंद नसतात. म्हणून हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, म्हणजे पुढच्या कामाचे पैसे आगाऊ. ही उचल मालकाने आणायची कुठून? सावकाराकडून, व्याजाने. बँका तमाशाला कर्ज देत नाहीत. गाड्या, कनाती, जनरेटर, पोशाख हे वेगळं. आणि हे सगळं उभं राहिल्यावर एखाद्या यात्रेत अवकाळी पाऊस झाला, मारामारी झाली, की ती रात्र बुडाली. उचल घेऊन एखादा कलावंत दुसऱ्या फडात पळाला तर तेही मालकाच्याच बोडक्यावर.

म्हणजे फडातली गायिका आणि फडाची मालकीण यांच्यात गाण्याचा फरक नसतोच. फरक कर्जाचा असतो. गायिकेला मान मिळतो, टाळी मिळते, आणि घरी जाताना तिला कुणाचं देणं नसतं. कांताबाईंनी ते देणं अंगावर घेतलं, तेही पदरात मुलं असताना आणि फडमालक म्हणजे पुरुष अशीच सगळ्यांची समजूत असताना. मला त्यांच्या गाण्यापेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं. (आमच्या घरी हे मत फारसं कुणाला पटत नाही. सौ.चं म्हणणं, गाणं चांगलं नसतं तर कर्ज कुणी दिलं असतं? तेही खरं.)

पुढे या फडाची पाटी झाली : 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. हेच यादीतले दुसरे खेडकर. रघुवीर हे मुलगा. सोंगाड्या म्हणून त्यांनी स्वतः मोठं नाव मिळवलं. पण पाटी नीट वाचा. मुलाचं नाव आधी, आणि त्याच्याबरोबर ज्या नावाच्या फडातून बाहेर पडावं लागलं ते 'खेडकर'ही आधी. ज्या बाईने फड उभा केला ती 'सह'च्या पलीकडे. आम्ही मराठीच्या तासाला 'सह' हे जोडणारं पद म्हणून शिकवत होतो. तमाशाच्या पाटीवर ते वाटणीपत्रासारखं असतं. कुणाचा हक्क किती, हे त्याच्या अलीकडे-पलीकडे पाहून कळतं.

पुतण्याचा मुलगा गिटार वाजवतो. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, आमच्यात पण सेम आहे." आणि त्याने एका इंग्रज गायकाची गोष्ट सांगितली. पीटर गॅब्रिएल नावाचा गायक जेनेसिस नावाच्या नामांकित बँडमध्ये होता. १९७५ साली त्याने बँड सोडला. बँडचं नाव बँडकडेच राहिलं, आणि ढोल वाजवणारा फिल कॉलिन्स त्यांचा गायक झाला. गॅब्रिएलने १९७७ मध्ये स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि तिला नाव दिलं फक्त 'पीटर गॅब्रिएल'. दुसरीचं नाव तेच, तिसरीचं तेच, चौथीचंही तेच! पोराला ती गंमत वाटते. मला त्यात राहुटीची पाटी दिसली. जो माणूस मोठ्या नावाखालून बाहेर येतो त्याला आधी आपलंच नाव लोकांच्या तोंडी बसवावं लागतं, मग ते लंडनला असो की नारायणगावला.

पण फरकही आहे. गॅब्रिएल मधली दीड-दोन वर्षं थांबू शकला. रेकॉर्ड एकदा निघाली की ती राहते, चाळीस वर्षांनी आमच्या पोराच्या कानात वाजते. तमाशाचा फड थांबला की उचल बुडते. आणि रात्रीचा वग पहाटे संपतो तो संपतोच. नंतरच्या काळात कॅसेटी आणि सीड्या निघाल्या, पण त्यात ढोलकी ऐकू येते, समोरचा जमाव येत नाही.

आता नारायणगावबद्दल लिहायचं आणि विठाबाईंचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. घराणं मात्र नारायणगावचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, वडील आणि चुलत्यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजवला. विठाबाई त्यातच वाढल्या आणि पुढे 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' ही पाटी लागली. इथे मोडतोड नाही, वारसा आहे. आपलं नाव आधी, घराण्याचं मागे. एक गोष्ट मला नेहमी विशेष वाटते. ज्या काळात गावात जात खालच्या आवाजात बोलली जाई, त्या काळात या घराने ती पाटीवर ठसठशीत रंगवली, आणि तीच पाटी पाहून सगळ्या जातींचे पंच सुपारी द्यायला वाकून राहुटीत शिरले.

विठाबाईंचं नाव निघालं की लोक बाळंतपणाचीच गोष्ट सांगतात. भरल्या दिवसांत त्या रंगमंचावर होत्या, कळा येताच आत गेल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. पण ती सांगताना आपण त्यांना सोसणारी बाई करून टाकतो, फड चालवणारी मालकीण विसरतो. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदकं मिळालेली ही बाई जन्मभर पैशाच्या ओढाताणीत राहिली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना मदत गोळा करावी लागली. पदकावर उचल मिळत नाही.

त्यांच्या फडातूनही एक जण बाहेर पडली, पोटची मुलगी. मंगला बनसोडे आईच्या फडात लहानपणापासून नाचल्या, गायल्या. मग नवऱ्याबरोबर त्यांनी वेगळा फड काढला. यात्रेच्या बाजारात 'नारायणगावकर' या नावाइतकं वजनदार नाव नव्हतं, आणि ते त्यांना जन्माने मिळालेलं होतं. त्यांनी लावलं मात्र कराडजवळच्या करवडीचं, सासरचं. 'मंगला बनसोडे करवडीकर', आणि पुढे 'सह नितीनकुमार बनसोडे'. नितीनकुमार मुलगा. म्हणजे कांताबाईंच्या पाटीच्या बरोबर उलट, इथे आई आधी आणि मुलगा 'सह'च्या पलीकडे. नारायणगावात आईच्या नावाची राहुटी आणि लेकीची राहुटी एकाच रांगेत, एकाच पंचांची वाट पाहत. लेक सासरी गेली म्हणजे काय, याचा असा अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

राज्य सरकारने २००६ पासून विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला कांताबाईंना मिळाला. पुढे तो मंगलाबाईंना मिळाला, म्हणजे ज्या फडातून त्या बाहेर पडल्या त्याच नावाचा. आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीचं नाव लावणारे वसंत अवसरीकर हेही त्याचे मानकरी. कुणी कुणाचा फड सोडला, कुणी कुणाची उचल बुडवली, ही भांडणं हंगामापुरती असतात.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. यात्रा रद्द, सुपाऱ्या नाहीत, आणि उचल तर दसऱ्याआधीच वाटून झालेली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. सलग दोन वर्षं नारायणगावला सुपारी द्यायला कुणी गेलं नाही. शंभर-शंभर माणसांचे फड घरी बसले. काही कलावंत मजुरीला गेले, काहींनी भाजी विकली.

कांताबाई सातारकर संगमनेरला राहत. २५ मे २०२१ ला कोरोनाने त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. फडांचा हंगाम त्या दिवशी संपतो. त्या वर्षी तो झालाच नव्हता.