फणी थांबली की जट वाढते

नागपूरच्या नंदनवन भागातला जगनाडे चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते संताजी जगनाडे चाकणचे तेली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे म्हणून वारकरी त्यांना मानतात. विदर्भात तेली समाज मोठा, घाणीही पिढ्यान्‌पिढ्यांची. जवस, तीळ, भुईमूग, करंज, मोहाची टोळी असे जे पिकेल वा रानात मिळेल, त्याचे तेल निघायचे. त्या तेलाचा हिशेब आपण दिव्याशी आणि फोडणीशी मांडतो, पण लेकरांच्या डोक्यावर जिरलेले तेल कुठल्याच जमाखर्चात आलेले नाही. महाराष्ट्रात मुलींच्या केसांतल्या गुंत्याने जे भोग भोगायला लावले, त्यांचा इतिहास मात्र या न मोजलेल्या तेलापासून आणि त्याच्या जोडीच्या फणीपासूनच सुरू करावा लागतो. गुंता कोणाच्याही केसांत होतो. त्याची जट होते ती फणी फिरवायची थांबल्यावर. आणि फणी थांबते, कारण घरातले कोणीतरी भ्यालेले असते. जटेमागे देवी, आजार किंवा अस्वच्छता शोधणाऱ्यांनी आधी हा क्रम पाहावा, असे माझे म्हणणे आहे.

केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे खवले दिसतात, मुळाकडून टोकाकडे कललेले. केस एका दिशेला असतील तर ते एकमेकांवरून सरकतात, उलटसुलट झाले की खवल्यांत खवले अडकतात. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले की ते फणीत येतात, नाही विंचरले तर उभ्या केसांतच अडकून राहतात. आठवडाभरात अशा सुट्या केसांची संख्या काही शेकड्यांवर जाते आणि त्यांची गाठ बसते. जट ‘आपोआप वाढते’ असे सांगतात, तेव्हा डोळ्यांना दिसलेली गोष्ट खोटी नसते. मेलेले केस बाहेर न पडता तिथेच साठतात, म्हणून ती खरोखरच जाड होत जाते. तेल खवल्यांवर बसून घर्षण कमी करते. खोबरेल तर केसाच्या आतही उतरते आणि धुण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांच्या 2003 सालच्या अभ्यासात दिसून आले. आजी न्हाण्याआधी तेल का थापायची, याचे उत्तर प्रयोगशाळेने उशिरा दिले, पण दिले.

हे सगळे मुलग्यांच्या केसांनाही लागू होते, तरी जट मुख्यतः मुलींच्या आणि बायकांच्या माथी आली. त्याचे कारण गावगाड्यात आहे. मुलाचे जावळ काढले की पुढे त्याचे डोके न्हाव्याच्या ताब्यात जायचे. न्हावी बलुतेदार, ठरल्या दिवशी यायचा, शेंडी ठेवून बाकीचे उतरवायचा. गुंत्याला वाढायला जागाच उरत नसे. मुलीच्या केसांना असा बलुतेदार नव्हता. ते काम आई, आजी, मोठी बहीण यांच्या हातांवर आणि त्यांच्या सवडीवर सोडलेले होते. शेतात निंदणीला गेलेली आई संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढे बसते, तेव्हा चार मुलींच्या चार वेण्या घालायला किती वेळ उरत असेल? हौसेची फणी-करंड्याची जोडी सौभाग्याच्या वाणात देवीपुढे ठेवली जाई. पण रोज विंचरण्याचे काम मात्र कामात धरलेच नाही. बाजूलाच बस्तरच्या मुरिया गोंडांमध्ये गोटुल या युवागृहातले तरुण आवडत्या मुलीसाठी लाकडी फण्या कोरत आणि त्या मुली केसांत मिरवत, याचे वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी 1947 च्या ग्रंथात केले आहे. फणीला असा उघड मान मिळालेला समाज आपल्या शेजारीच होता.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली छापून आला. त्या प्रांताची राजधानी नागपूर. न्हावी जातीवरच्या प्रकरणात लेखक केसांविषयीच्या समजुतींवर पानेच्या पाने लिहितात. केसांत बळ असते ही कल्पना, नवस फिटेपर्यंत केस न कापणे, देवाला केस वाहणे, कापलेल्या केसांची विल्हेवाट हे सारे त्यात येते. आपल्या विषयापुरते त्यातले महत्त्वाचे असे, की केस न कापण्याचा नवस ही सर्वसामान्य आणि मुदतीची गोष्ट होती. नवस फिटला की केस उतरत. जटेचे तसे नाही. तिला कोणी बोललेला नवस नाही, म्हणून मुदतही नाही. ती आधी ‘सापडते’ आणि अर्थ नंतर लावला जातो.

हा अर्थ कसा लागतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. मानेपाशी, जिथे उशीवर डोके घासते तिथे, नखाएवढी गाठ बसते. मुलगी सात-आठ वर्षांची, फणी लागली की रडते, म्हणून त्या दिवशी तेवढा भाग सोडून वेणी घातली जाते. दहा-बारा दिवसांनी गाठ सुपारीएवढी होते. कोणीतरी शेजारीण म्हणते, हात लावू नका, देवीचे दिसते. मग देवऋषी, मग रेणुकेचे किंवा यल्लम्माचे नाव, मग गाठीला हळद-कुंकू. इथून पुढे तिथे फणी नाही, धुताना चोळणे नाही, कधीकधी तेलही नाही. हळद-कुंकवाचा थर आणि घाम केसांना आणखी चिकटवतात, उवा-लिखांना आसरा मिळतो, खाजवून जखमा होतात, त्यांतला स्राव वाळतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त वाढतो, या हिशेबाने दोन हात लांबीची जट पाहिली की समजावे, या डोक्याला सहा-सात वर्षे तरी कोणी हात लावलेला नाही. मान अवघडते, कुशीवर झोपता येत नाही, शाळेत शेजारची मुलगी सरकून बसते. आणि हे सगळे पुन्हा देवीच्या रागलोभाच्या खात्यावर मांडले जाते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात या गाठीची किंमत याहून भयंकर होती. जट म्हणजे देवीचे बोलावणे मानून मुलगी देवाला सोडायची, गळ्यात मण्यांची माळ बांधायची आणि तिने जोगतीण होऊन परडी घेऊन फिरायचे. अशा मुलींचे पुढे काय होई हे गावाला माहीत असे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी बायकांच्या केसांवर कमी लिहिले नाही, पण तो वाद मुख्यतः विधवांच्या केशवपनाचा होता. 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला, ही त्या लढ्यातली उज्ज्वल घटना. देवाला सोडलेल्या मुलींचा प्रश्न दलित समाजातून पुढे आला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून खंडोबाला मुली सोडण्याच्या मुरळी प्रथेवर हल्ला चढवला. 1934 साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो मुंबई इलाख्यापुरता. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात असल्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर. कर्नाटकाने 1982 साली कायदा केला, महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा 2005 साली. कायद्यांनी मुलगी सोडण्याच्या विधीला गुन्हा ठरवले. पण विधीच्या कितीतरी आधी, घरातल्या फणीपाशी सुरू होणाऱ्या भीतीला कायदा कुठून पकडणार?

कोणी म्हणेल, हे फार सोपे करून सांगणे झाले. जट ही श्रद्धेची बाब आहे, शिवाच्या जटा पूज्य आहेत, साधूंच्या जटांना आपण हात जोडतो, मग मुलीच्याच जटेला गुंता का म्हणायचे? याचे उत्तर निवडीत आहे. साधू घर सोडतो आणि मग जटा राखतो. सात वर्षांच्या मुलीने काहीही सोडलेले नसते, तिच्याकडून सोडवून घेतले जाते. शिवाय भीतीला एखाद्याच धर्माची गरज लागत नाही, याला भक्कम पुरावा आहे. पोलंडमध्ये अशाच जटांना ‘कोल्तुन’ म्हणत. देवी नाही, परडी नाही, बहुतेक लोक कॅथलिक ख्रिस्ती. तरीही तिथे शेकडो वर्षे असे मानत, की शरीरातला रोग जटेतून बाहेर पडतो आणि ती कापली तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल. इटलीतल्या पडुआ विद्यापीठाच्या वैद्याने 1600 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, युरोपच्या वैद्यकाने तिला पोलंडचे नाव देऊन स्वतंत्र रोगही ठरवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्राकोचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डिटल यांनी दाखवून दिले, की हा रोग नाही, न विंचरलेले केस आहेत. ते पुढे 1866 साली त्या शहराचे महापौर झाले. यल्लम्माची सौंदत्ती आणि क्राको यांच्यात देव, भाषा, हवापाणी काहीच सारखे नाही. सारखी होती ती एकच गोष्ट: कापले तर अनर्थ होईल, ही धास्ती.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे, आणि ती घरातली माणसे प्रामाणिकपणे घेतात. काल केस मोकळे होते, आज न्हाऊन आली आणि एकदम जट बसली. याला गुंता कसे म्हणायचे? असे घडते, हे मान्यच केले पाहिजे. 1884 साली ले पेज नावाच्या डॉक्टरने सतरा वर्षांच्या मुलीच्या केसांत अचानक बसलेल्या जटेची हकीकत इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकात दिली आणि तिचा संबंध मज्जासंस्थेशी जोडला. पुढच्या निरीक्षणांतून कारण धुण्याच्या पद्धतीत सापडले. लांब केस डोक्यावर गोळा करून, तीव्र साबण लावून गोल गोल चोळले की खवले उभे राहतात आणि ओले, फुगलेले केस एकमेकांत रुतून बसतात. काश्मीरमध्ये लोकर साबणाच्या पाण्याने भिजवून, चोळून नमदा करतात. एका न्हाण्यात डोक्यावर तेच होते. शिकेकाई-रिठ्याच्या जागी कपड्यांची वडी आली, जड पाणी आले, न्हाण्याआधीचे तेल महाग झाले, तिथे हे घडणे अधिक सोपे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग संघाने घाणीच्या सुधारणेवर एवढे कष्ट घेतले, झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी तयार केली, त्यामागे गावातले तेल गावातच स्वस्त आणि ताजे राहावे हा विचार होता. गिरण्यांपुढे घाण्या टिकल्या नाहीत, हा भाग वेगळा.

तिसरी हरकत मला सगळ्यांत जास्त बोचते: फणी थांबली म्हणता, म्हणजे दोष शेवटी आईचाच ना? तसे मुळीच नाही. नीट विंचरणाऱ्या, तेल लावणाऱ्या, सुशिक्षित घरांतही जट सापडते, आणि तिथेही गोष्ट तीच असते. गाठ कोणाच्या आळसाने बसली हे गौण, ती न सोडवण्याचा निर्णय सगळे घर मिळून घेते आणि आईला त्यात बहुधा विचारतही नाहीत. उलट, एकटी आई रात्री चोरून गाठ सोडवायला बसली तर उद्या घरातल्या प्रत्येक दुखण्याचा ठपका तिच्यावर येणार, हे ती जाणून असते. म्हणून ‘स्वच्छता पाळा’ असा उपदेश इथे अपुरा आणि थोडा अन्यायाचाही आहे. सोयींनी फरक पडतो हे मात्र खरे. 1936 च्या कायद्याने सुधार प्रन्यास आल्यानंतर नागपूर लेआउटांनी वाढत गेले. नंदनवनसारख्या वस्त्यांत नळ, शाळा, दवाखाना जवळ आले, मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी हा गणवेशाचा भाग झाला. सकाळच्या प्रार्थनेला वेण्या तपासणाऱ्या बाईंनी किती गाठी जट होण्याआधीच सोडवायला लावल्या असतील! या साध्या नियमाचे श्रेय शिक्षणाच्या इतिहासाने द्यायला हवे होते. पण नळाने आणि रिबिनीने गुंता आवरतो, भीती आवरत नाही.

भीतीवर थेट काम करणारी चळवळही याच मातीतली. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 साली नागपुरात उभी राहिली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीतल्या बारा कलमांत जटेचा शब्द नाही. तिथे बुवाबाजी करणारा माणूस गुन्हेगार आहे, आणि जटेत बऱ्याचदा असा एखादा माणूस दाखवताच येत नाही. म्हणून हे काम कात्रीने होते, तेही परवानगी घेऊन. पुण्याच्या नंदिनी जाधव ब्यूटी पार्लर चालवत होत्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या म्हणून त्यांनी शेकडो बायका-मुलींच्या जटा काढल्या आहेत. गाठ लहान असेल तर कापावेही लागत नाही. भरपूर तेल जिरवायचे, मुळाशी केस चिमटीत घट्ट धरायचे म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि शेंड्याकडून सुरुवात करून बोटांनी पदर सुटा करत वर यायचे; फणी शेवटी. जुनी जट मात्र कापावीच लागते. कात्री दहा मिनिटे चालते, त्याआधीचे बोलणे कित्येक भेटी चालते. सासू, नवरा, भाऊ, कधी शेजारीसुद्धा समोर बसवावे लागतात. आणि कापल्यावर काम संपत नाही. पुढच्या पावसाळ्यात घरात कोणाला ताप येतो, म्हैस आटते, मुलगा नापास होतो, आणि सगळ्यांच्या नजरा त्या आखूड केसांकडे वळतात. त्या दिवशी फोन उचलायला कोणीतरी असावे लागते, म्हणून कार्यकर्ते जट काढलेल्या घराशी पुढेही संपर्क ठेवतात.